जास्त धावलेली बीएमडब्ल्यू ई४६ एम३ घेताना आणि सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून या गाडीबद्दल येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका विषयाचं उत्तर एकाच ठिकाणी दिलं आहे. दुसरीकडे त्याचा संबंध आला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ई४६ एम३ म्हणजे नेमकी कुठली गाडी? साध्या ३-सीरिज कुपेपेक्षा तिच्यात वेगळं काय?

२००० ते २००६ या काळात बनलेली, ३,२४६ सीसीच्या सरळ सहा सिलिंडर एस५४ इंजिनाची दोन दारी गाडी. युरोपातल्या गाडीची ताकद ३४३ पीएस, अमेरिकेतल्या गाडीची ३३३ एचपी. इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत फिरतं, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल आहे आणि ब्लॉक बिडाचा आहे. साध्या ३-सीरिजमधली ३३०सीआय कुपे बाहेरून तिच्या सख्ख्या बहिणीसारखी दिसते. पण इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, ब्रेक, मडगार्ड, यातलं जवळजवळ काहीच दोघींत सारखं नाही. त्यामुळे ३३०च्या खर्चाचा अंदाज एम३ला लावू नका.

२. दोन लाख किलोमीटर धावलेली गाडी घ्यावी का? की कमी धावलेलीच शोधू?

दोन लाख किलोमीटर या इंजिनाला जड नाहीत. प्रश्न त्या दोन लाखांत काय काय बदललं हा आहे. या गाडीत तीन कामं महागडी आणि जवळपास अटळ आहेत: मागचा तळपत्रा (प्रश्न ६), पिस्टनचे दांडे क्रँकला धरतात तिथले रॉड बेअरिंग (प्रश्न ७) आणि कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, म्हणजे व्हॅनोस (प्रश्न ८). सव्वादोन लाख धावलेल्या गाडीत ही तिन्ही कामं पावत्यांसकट झालेली असतील, तर ती नव्वद हजार धावलेल्या पण एकही काम न झालेल्या गाडीपेक्षा चांगली. वर्षाला हजारभर किलोमीटर चालवून गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे रबरी बुश, होस आणि सील वयाने वाळतात. मीटर कमी दिसतो म्हणून विक्रेता पैसे जास्त मागतो, आणि दुरुस्तीची यादी तेवढीच लांब निघते.

३. जाहिरातीत 'एम३' लिहिलंय. खरी आहे की ३२३ला बिल्ले लावलेत, हे कसं ओळखायचं?

चासी क्रमांक बघा. खऱ्या एम३चा क्रमांक डब्ल्यू-बी-एस ने सुरू होतो, साध्या ३-सीरिजचा डब्ल्यू-बी-ए ने. तो पुढच्या काचेखाली, बॉनेटखाली आणि कागदपत्रांवर एकच असायला हवा. शिवाय एम३चं बॉनेट मधोमध फुगीर आहे आणि तिला चार सायलेन्सर नळ्या आहेत. पण हे सगळं बाजारात सुटं मिळतं, म्हणून भरवसा क्रमांकावरच.

४. मीटर मागे फिरवलाय का, हे कळतं का?

बऱ्याचदा कळतं. ई४६मध्ये किलोमीटरचा आकडा मीटरमध्ये असतो, तसाच दिव्यांच्या कंट्रोल मॉड्यूलमध्येही असतो. दोन्ही जुळले नाहीत की किलोमीटरच्या आकड्याशेजारी एक बारीक ठिपका उगवतो. ठिपका म्हणजे फसवणूकच असं नाही, कुणी मीटर किंवा मॉड्यूल बदललेलं असू शकतं. पण मग त्या बदलाची पावती दाखवायला सांगा. ब्रिटनमधल्या गाडीचा एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो आणि त्यात दर वर्षीचा आकडा असतो. जर्मनीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या मुख्य तपासणीचे जुने अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्या. आकडा खोटा वाटला तर आसनाची कड, स्टिअरिंगचं चामडं आणि क्लच पेडलचं रबर पाहा. साठ हजार किलोमीटरच्या गाडीचं पेडल गुळगुळीत नसतं.

५. गाडी बघायला जाताना काय न्यायचं आणि काय क्रमाने बघायचं?

टॉर्च, काठीवरचा छोटा आरसा, लॅटेक्सचे हातमोजे, आणि जमलं तर गाडीच्या संगणकातले दोष वाचायची के+डीकॅन केबल लावलेला लॅपटॉप. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड असू दे. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तासाभराने परत या, किंवा दुसऱ्या दिवशी. 'तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली' हे वाक्य कानावर आलं की आधी कारण शोधायचं.

सुरू करण्याआधी ऑइलची कांडी आणि कूलंटची टाकी बघा. कूलंटच्या झाकणाखाली कॉफीच्या सायीसारखा थर नको. मग काच उतरवून स्टार्ट करा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत थोडी खडखड चालते. त्यानंतर समोरून गोट्या डब्यात हलवल्यासारखा आवाज येत राहिला तर प्रश्न ८ वाचा. खालून खोल, ठोकल्यासारखा आवाज आला तर प्रश्न ७ वाचा, आणि तिथेच हात जोडा.

फिरवताना ऑइलचा काटा ८० अंशांच्या वर जाईपर्यंत ४,००० आरपीएमच्या आत राहा. विक्रेता स्वतः थंड इंजिन ताणून दाखवायला लागला तर त्याने एवढी वर्षं तेच केलं आहे. तापल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० पासून लाल पट्ट्यापर्यंत एकदा ओढा. ताकद गुळगुळीत वाढली पाहिजे, मध्ये कुठे दबता कामा नये. परत येऊन गाडी लिफ्टवर घ्या. लिफ्टशिवाय ही गाडी विकत घेऊ नका. जर्मनीत गावोगावच्या तपासणी केंद्रांत पैसे भरून वापरलेल्या गाडीची तपासणी करून मिळते, त्याचा उपयोग करा.

६. 'सबफ्रेम क्रॅक' म्हणजे काय? सगळ्याच गाड्यांना होतो का?

नाव चुकीचं रूढ झालंय. तुटते ती सबफ्रेम नाही, ती ज्या पत्र्याला टांगलेली असते तो मागचा तळपत्रा तुटतो. मागचा अॅक्सल चार ठिकाणी बोल्टने या पत्र्याला धरलेला असतो. क्लच सोडला की चाकांचं बळ अॅक्सलला पिळतं आणि तो पीळ चार बोल्टांतून एका पातळ पत्र्यात उतरतो. बुश वयाने सैल झाले की अॅक्सल हलायला लागतो आणि प्रत्येक गिअरला पत्र्यावर हातोडी पडल्यासारखं होतं. मग स्पॉट वेल्डच्या कडेने केसासारखी भेग पडते. ती चाळीस हजारांवरही पडते आणि दीड लाखानंतरही नसते. चालवण्याच्या पद्धतीवर आणि बुशच्या अवस्थेवर बरंच अवलंबून आहे, पण 'माझ्या गाडीला नाही' असं लिफ्टवर न चढवता कुणी म्हणू शकत नाही.

बघायचं कसं: चारही टेकूंच्या भोवती तारेच्या ब्रशने माती आणि कोटिंग साफ करा आणि टॉर्च आडवा धरा. समोरून प्रकाश टाकला तर भेग दिसत नाही, आडव्या प्रकाशात सावली पडते. मग डिकीतला गालिचा उचलून वरच्या बाजूचे जोडही बघा. इथेच घोडं पेंड खातं. बरेच लोक फक्त खालून बघतात, आणि वरचे स्पॉट वेल्ड सुटलेले राहून जातात. बाकीची गाडी मळकी आणि फक्त टेकूंच्या भोवती ताजं काळं कोटिंग असेल तर ते कोटिंग काहीतरी झाकायलाच मारलं आहे असं धरून चला.

दुरुस्तीत एक्झॉस्ट, प्रोपेलर शाफ्ट, मागचा अॅक्सल आणि इंधनाची टाकी उतरवावी लागते. भेगेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे सरकणं थांबवायचं, भेग वेल्ड करायची, चारही टेकूंवर जाड पत्र्याच्या पट्ट्या वेल्ड करायच्या, वरून पोकळीत मजबुतीचं काम करायचं आणि गंजरोधक मेण फवारायचं. अॅक्सल खाली आलेलाच असतो, म्हणून त्याच वेळी सगळे बुश नवे घाला. नुसता इपॉक्सी भरून केलेलं काम वेल्डिंगच्या जागी धरू नका. पावतीवर 'सबफ्रेम रिपेअर' एवढंच लिहिलं असेल तर कामाचे फोटो मागा. चांगला वेल्डर फोटो काढून ठेवतोच.

७. रॉड बेअरिंग कधी बदलायचे? आवाज येईपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाही. आवाज आला म्हणजे शेल (बेअरिंगचे पातळ अर्धगोल तुकडे) झिजून क्रँकला ओरखडे पडलेले असतात, आणि मग काम बेअरिंगचं न राहता इंजिनाचं होतं. आपला नियम साधा: बदलल्याची पावती नसेल तर एक लाख ते सव्वा लाखाच्या दरम्यान, आणि त्याच्या पुढची गाडी घेतली असेल तर घेतल्याबरोबर.

सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांचे बेअरिंग लवकर गेले. त्यामुळे कंपनीनेच मोहीम काढून ते मोफत बदलून दिले होते. त्याबद्दल प्रश्न २२ बघा.

काम करताना इंजिन वरून आडव्या बारला टांगायचं, स्टिअरिंग रॅक सोडून पुढची सबफ्रेम उतरवायची, मग ऑइलचा संप काढायचा. सहा रॉड, म्हणजे शेलचे बारा अर्धे. क्रँक फिरवून दोन-दोन सिलिंडर खाली आणायचे: १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. प्रत्येक रॉडची टोपी त्याच रॉडला आणि त्याच दिशेने परत बसली पाहिजे, म्हणून काढण्याआधी खूण करा. नवे शेल घातल्यावर प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटी होणारी बारीक मेणाची तार) फट मोजा. 'नवे आहेत म्हणजे बरोबरच असणार' असं समजू नका. रॉडचे बोल्ट नवेच घालायचे. या इंजिनात दोन जाडीचे बोल्ट आलेत आणि त्यांचे टॉर्क वेगळे आहेत, त्यामुळे आपल्या इंजिनात कुठले ते मोजून मगच कारखान्याच्या तक्त्यातला आकडा वापरा. पहिल्यांदा सुरू करताना स्पार्क आणि इंधन बंद ठेवून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टरने क्रँक फिरवा. पहिलं ऑइल हजार किलोमीटरला बदला.

काढलेले शेल फेकू नका. क्रमाने लावून त्यांचा फोटो काढा. वरचा राखाडी थर जाऊन तांबूस रंग दिसत असेल तर वेळेत केलंत. गाडी विकताना हा फोटो पावतीपेक्षा जास्त बोलतो.

८. व्हॅनोसचा आवाज येतोय. पूर्ण युनिट बदलायला सांगतायत. गरज आहे का?

बहुतेक वेळा नाही. एस५४चा व्हॅनोस दोन्ही कॅमशाफ्ट फिरवतो आणि तो साध्या इंजिनांपेक्षा फार जास्त, १०० बारच्या आसपास दाबावर चालतो. त्यासाठी त्याला स्वतःचा पंप आहे. एक्झॉस्ट कॅमच्या हबवर दोन छोटे कान आहेत. ते पंपाच्या चकतीतल्या भोकांत बसून पंप फिरवतात. भोकं कानांपेक्षा जरा मोठी असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला कान आपटतात. हाच तो गोट्यांचा आवाज. वर्षानुवर्षं आपटून कान तुटतो. तुकडा संपमध्ये पडला तर नशीब. साखळीत गेला तर वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात.

उपाय म्हणजे घट्ट भोकांची चकती आणि बारीक तासलेल्या कानांचा हब, नवे सील, आणि सोलेनॉइडच्या गठ्ठ्याचे ओ-रिंग. कॅमला हब धरणारे बोल्टही सैल होतात, तेही याच वेळी काढून घट्ट करायचे. पुन्हा जुळवताना क्रँकला लॉक पिन आणि कॅमवर टायमिंग ब्रिज लागतो. 'खूण करून परत बसवतो' म्हणणाऱ्या मेकॅनिककडे हे काम देऊ नका. जोडून झाल्यावर कंपनीच्या डायग्नोस्टिक प्रोग्रॅममधली व्हॅनोस चाचणी चालवा आणि निकाल छापून ठेवा.

वॉल्व्ह कव्हर उघडलेलंच आहे तर प्रश्न १३ मधलं कामही लगे हाथ करून घ्या. कव्हरचं गॅस्केट एकदाच लागेल.

९. तिन्ही कामांच्या पावत्या नाहीत, पण किंमत खूपच कमी आहे. घेऊ का?

तिन्ही कामं झालेली नाहीत असं धरून, तुमच्याच गावातल्या कामगाराकडून तिन्हींचा लेखी अंदाज घ्या. तो किमतीत मिळवा. बेरीज कामं झालेल्या गाडीच्या किमतीपेक्षा कमी आली तरच पुढे जा. आमच्या अंदाजाने फार क्वचित कमी येते. विक्रेत्यांनाही हे गणित येतं, म्हणूनच गाडी स्वस्त आहे.

१०. मॅन्युअल घेऊ की एसएमजी?

आतली गिअरबॉक्स दोन्हीत तीच सहा गिअरची आहे. एसएमजीमध्ये क्लच पेडल नसतं, क्लच आणि गिअर हायड्रॉलिक दाबाने हलतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की पंपाची 'घर्रर' ऐकू येते, ती दाब भरण्याची आहे. ती काही सेकंदांत थांबली पाहिजे. दर मिनिटाला परत सुरू होत असेल तर दाब साठवणारा अॅक्युम्युलेटर थकलाय, किंवा कुठेतरी गळती आहे. मीटरमध्ये दातेरी चाकाचा दिवा लागला की आधी पंपाचा रिले बदलून बघा, तो स्वस्त आहे. मग पंप. हायड्रॉलिक ऑइल सीएचएफ ११एस हेच, दुसरं काही टाकू नका.

रोजच्या ट्रॅफिकमध्ये एसएमजी झटके देते. मॅन्युअल सांभाळायला सोपी आणि परत विकताना मागणी जास्त. म्हणूनच एसएमजी स्वस्त मिळते. गिअरबॉक्स एकच असल्यामुळे बरेच लोक एसएमजी घेऊन मॅन्युअल करून घेतात. तसं करायचं असेल तर चालू एसएमजीचे पैसे का द्यायचे? बिघडलेल्या पंपाची गाडी शोधा.

११. कुठलं ऑइल, किती आणि किती दिवसांनी?

१०डब्ल्यू-६०, फिल्टरसकट साडेपाच लिटर. सर्व्हिसचा दिवा सांगतो तो पल्ला फार लांब आहे, जुन्या इंजिनासाठी तो विसरा. ८,००० ते १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. कांडीवरच्या किमान आणि कमाल खुणांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. हे इंजिन थोडं ऑइल पितं, म्हणून डिकीत एक लिटर ठेवाच.

ऑइल बदलताना मधल्या धारेतून थोडं नमुन्याच्या बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवा. शिसं आणि तांबं एका अहवालापेक्षा दुसऱ्यात चढत असेल तर बेअरिंग झिजतायत. एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नका, चढउतार बघा.

१२. थंडीत इंजिन उभ्या उभ्या गरम करावं का?

उभं ठेवून नाही. सुरू करा, अर्ध्या मिनिटात हळू निघा. आरपीएमच्या काट्याभोवतीचे पिवळे दिवे ऑइल तापेल तसे एकेक विझत जातात, ते त्यासाठीच दिले आहेत. कूलंट पाच-सात मिनिटांत तापतं, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. १०डब्ल्यू-६० थंडीत मधासारखं जाड असतं, आणि त्या अवस्थेत ताणलेल्या गाडीचे रॉड बेअरिंग लवकर जातात.

१३. वॉल्व्ह क्लिअरन्स तपासायचं म्हणतात. आजकालच्या गाड्यांत हे असतं का?

बहुतेकांत नसतं, हिच्यात आहे. दर ४० ते ५० हजार किलोमीटरला. इंजिन ३५ अंशांच्या खाली, म्हणजे रात्रभर उभं असलेलं हवं. कॅम आणि रॉकरमधली ही फट इनटेकला ०.१८ ते ०.२३ मिमी, एक्झॉस्टला ०.२८ ते ०.३३ मिमी. बाहेर गेली तर रॉकर बाजूला सरकवून खालची छोटी चकती काढायची, मायक्रोमीटरने मोजायची आणि योग्य जाडीची घालायची. चकती चिमट्यातून निसटून इंजिनात पडू शकते, म्हणून आजूबाजूची सगळी भोकं आधी फडक्यांनी बुजवा आणि किती फडकी घातली ते कागदावर लिहून ठेवा. फट कमी होणं जास्त धोक्याचं, कारण वॉल्व्ह नीट मिटत नाही आणि त्याची कड जळते. तेव्हा आवाजही येत नाही.

१४. तापमानाचा काटा मधोमध आहे. म्हणजे कूलिंग ठीक आहे ना?

यावर विश्वास ठेवू नका. ई४६चा काटा मुद्दाम शांत केलेला आहे. कूलंट साधारण ७५ वरून ११० अंशांपर्यंत गेलं तरी तो मध्येच बसून राहतो. काटा उजवीकडे सरकला म्हणजे उशीर झाला. त्याच सेकंदाला गाडी बाजूला घ्या. घरापर्यंत जाऊ म्हटलं तर हेड गॅस्केट जाईल.

कूलंटची प्लास्टिक टाकी शिवणीवर फुटते. टाकी, झाकण, वरचा-खालचा होस, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप हे सगळं एक लाख किलोमीटर किंवा दहा वर्षं झाली की एकत्र बदला. व्हिस्कस पंखा गरम इंजिनावरही हाताने सैल फिरत असेल, अर्थात इंजिन बंद करून, तर तोही. कूलंट बीएमडब्ल्यूचं निळं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्मं. भरताना हीटर कमाल तापमानावर ठेवा, इग्निशन चालू आणि टाकीशेजारचा हवा सोडण्याचा स्क्रू उघडा. बुडबुडे थांबेपर्यंत हळू भरा.

१५. मागचे टायर आतल्या बाजूने लवकर जातात आणि वळणावर मागून डुलल्यासारखं वाटतं.

मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश फाटले असणार. ब्रेक मारल्यावर किंवा अॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी स्वतःच किंचित वळते, हीच खूण. दोन्ही बाजूंचे बुश बदला आणि नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट करा. मागच्या शॉकचे वरचे माउंट आणि मागच्या स्प्रिंगचा खालचा वेढाही तेव्हा बघा, तो मोडून तिथेच अडकलेला असतो आणि कळतही नाही. टायर पुढे २२५/४५ झेडआर१८, मागे २५५/४० झेडआर१८. १९ इंची चाकं असतील तर २२५/४० आणि २५५/३५. चाकांचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच.

१६. क्लच सोडताना मागून 'टक्' असा एकच आवाज येतो. तळपत्राच असणार का?

नसेलही. स्वस्तापासून सुरुवात करा. आधी प्रोपेलर शाफ्टची रबरी चकती, तिला तडे दिसतात. मग शाफ्टचं मधलं बेअरिंग, मग डिफरेन्शियलचे बुश. हे सगळं ठीक असेल तर प्रश्न ६.

१७. ३३०सीआय घेतली तर हे सगळे त्रास वाचतील?

सगळे नाही, काही वाचतील. तिचं एम५४ इंजिन २,९७९ सीसीचं, २३१ पीएसचं. त्यात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, म्हणून प्रश्न १३ चं कामच नाही, आणि रॉड बेअरिंगची काळजी नाही. तळपत्रा मात्र तिचाही बघावाच लागतो. तिचे स्वतःचे त्रास म्हणजे कूलिंगचं प्लास्टिक, इनटेकमधली सुटणारी डिसा फ्लॅप आणि क्रँककेस व्हेंटची गोठणारी नळी. रोज ऑफिसला जायला गाडी हवी असेल तर खरं सांगायचं तर हीच घ्या.

१८. पेट्रोल कुठलं? ई१० चालतं का?

९८ ऑक्टेन. जर्मनीत सुपर प्लस, ब्रिटनमध्ये सुपर अनलेडेड. बीएमडब्ल्यूने ई१०ला मान्यता दिली आहे. पण हिवाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत ई५च भरा, कारण इथेनॉल ओलावा शोषतं.

१९. एअरबॅगच्या रिकॉलचं पत्र आलंय, आधीच्या मालकाच्या नावाने. महत्त्वाचं आहे का?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं. ई४६च्या अनेक गाड्यांत टकाटा कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, बसवले गेले. ते फुटताना धातूचे तुकडे थेट ड्रायव्हरकडे उडतात. काही गाड्यांसाठी अमेरिकेत 'चालवूच नका' अशी सूचना निघाली आहे. चासी क्रमांक घेऊन बीएमडब्ल्यूच्या डीलरला विचारा. काम फुकट होतं, मालक कितवाही असो. कुणी हौसेने दुसऱ्या ई४६चं स्टिअरिंग बसवलेलं असेल तर चासी क्रमांकाच्या यादीत ते येणार नाही. तेव्हा एअरबॅगवरचा क्रमांकच तपासून घ्या.

२०. विक्रेत्याकडून हमी मिळते का? करात काही फरक पडतो का?

जर्मनीत डीलरला ग्राहकासाठी वापरलेल्या गाडीवर किमान एक वर्षाची कायदेशीर जबाबदारी टाळता येत नाही. खासगी विक्रेता करारात ती नाकारू शकतो आणि नाकारतोच. म्हणून काही डीलर 'मित्राच्या वतीने विकतो' असं लिहितात. असा कागद दिसला की डीलरचा भाव देऊ नका. ब्रिटनमध्ये डीलरकडून घेतलेली गाडी दोष निघाल्यास पहिल्या ३० दिवसांत परत करता येते.

ब्रिटनमध्ये पहिल्या नोंदणीची तारीख नीट बघा. २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा वार्षिक कर के या पट्टीवर थांबतो. त्यानंतरच्या गाडीला वरच्या पट्टीचा कर भरावा लागतो, आणि दोन्ही गाड्या अगदी सारख्या असू शकतात. जर्मनीत ३० वर्षं झाल्यावर मिळणारी जुन्या, ऐतिहासिक गाड्यांची एच नंबरप्लेट या गाडीला २०३० पासून मिळू लागेल. तोवर उन्हाळ्याच्याच महिन्यांची हंगामी नंबरप्लेट घेतली तर विमा आणि कर दोन्ही वाचतात.

२१. हिवाळ्यात चार महिने उभी ठेवायची आहे. काय करू?

आधी ऑइल बदला, नंतर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. टायरात हवा अर्धा बार जास्त. बॅटरी डिकीत आहे, तिला मेंटेनन्स चार्जर लावा. हँडब्रेक ओढू नका, चाकाखाली लाकडी ठोकळा घाला. आणि मध्येच पाच मिनिटं सुरू करून बंद करणं टाळा, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, बाकी काही मिळत नाही.

२२. विक्रेता म्हणतो बेअरिंग कंपनीच्या मोहिमेत बदललेत. मग निर्धास्त?

मोहीम २००३-०४ च्या सुमाराची. तेव्हा गाडी तीस-चाळीस हजार धावली असेल आणि आज दोन लाख, तर ते 'नवे' बेअरिंगच आता दीड लाखाहून जास्त चाललेले आहेत. मोजणी बदलल्याच्या दिवसापासून करा, मग प्रश्न ७ चा नियम लावा. हाच हिशेब बदलून घातलेल्या इंजिनाला. वापरलेलं इंजिन घातलं असेल तर त्या इंजिनाचा इतिहास मागा, गाडीचा नाही.

२३. परत पुण्याला यायचं ठरतंय. गाडी सोबत आणता येईल का?

नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती निर्मितीपासून तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली हवी. शेवटची ई४६ एम३ २००६ ची, त्यामुळे ब्रिटनमधली उजव्या स्टिअरिंगची असली तरी वयातच अडकते. घर हलवताना सामानासोबत आणली तरी वयाची अट सुटत नाही. कार्नेवर (गाडी परत नेण्याची हमी देणारा कागद) तात्पुरती आणून फिरवता येते, पण मुदतीत परत बाहेर न्यावी लागते, नाहीतर कार्नेची हमी जप्त होते. परतायचं पक्कं असेल तर गाडी तिकडेच विका, आणि विकताना पावत्यांची फाइल गाडीसोबतच द्या. ती सामानाच्या कंटेनरमध्ये चुकून भरली गेली तर भाव तिथेच पडतो.